फलक, धुळाक्षर आणि बाराखडी : बौद्ध साधनांतील बालकांचे अक्षरलेखन

विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील उपालि नावाच्या मुलाची हकिगत आली आहे. (विनयधर उपालि थेर ते हे नव्हेत.) आपल्या पश्चात या मुलाने सुखाने जगावे, त्याला कष्ट पडू नयेत, या चिंतेत त्याचे आईवडील आपसांत बोलत आहेत. लेखा शिकवावी तर त्याची बोटे दुखतील. गणना शिकवावी तर छाती दुखेल. रूप, म्हणजे नाण्यांची पारख, शिकवावी तर डोळे दुखतील. शेवटी त्यांना शाक्यपुत्रीय श्रमणांचे जीवन बरे वाटते आणि उपालि आपल्या सोबत्यांसह प्रव्रज्या घेतो. पुढे ही मुले पहाटेच्या अंधारात खायला मागत रडू लागतात आणि त्यावरून वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये हा नियम घालून दिला जातो. विनयाचे अभ्यासक या कथेकडे त्या नियमासाठी पाहतात. प्रस्तुत लेखात मात्र आपण उपालिच्या बोटांकडे पाहणार आहोत.

बोटे दुखण्याचे कारण उघड आहे. लिहिणे ही ऐकून पाठ करण्याची विद्या नव्हे. ती हाताला लावावी लागणारी सवय आहे आणि एकच अक्षर शंभरदा काढल्याखेरीज ती लागत नाही. आज आपण मुलांच्या हाती ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे छापलेले सरावाचे कागद देतो आणि त्यावरून पेन्सिल फिरवायला सांगतो. साधने नवी असली तरी क्रिया तीच आहे. मराठीत या क्रियेला ‘गिरवणे’ असा नेमका शब्द आहे. ज्यावरून गिरवायचे तो ‘कित्ता’. हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि पुढे इतका रुळला की कोणाच्या आचरणाचे अनुकरण करण्यालाही आपण ‘कित्ता गिरवणे’ म्हणू लागलो. त्याआधीची पायरी धुळाक्षरांची. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, त्यात बोटाने किंवा काडीने अक्षर ओढावयाचे, पाटी हलवून धूळ सारखी करावयाची आणि पुन्हा तेच अक्षर काढावयाचे. कागद नाही, शाई नाही, खर्च नाही. चुकलेले अक्षर मागे उरत नाही. लहान मुलासाठी याहून दयाळू साधन दुसरे सांगता येणार नाही.

पालि वाङ्मयात या पाटीला ‘फलक’ असा शब्द आहे. लेखनाचा उल्लेख ‘लेखा’ या नावाने येतो आणि त्याची गणना ‘सिप्प’ म्हणजे शिल्पांमध्ये, कारागिरीमध्ये होते. हे वर्गीकरण महत्त्वाचे आहे. वेदविद्या मौखिक होती, ती गुरुमुखातून कानाने घ्यावयाची होती आणि तिच्या दारावर उपनयनाचा पहारा होता. लेखा ही त्या दाराबाहेरची विद्या. कौटिल्यानेही राजपुत्राला चौलकर्मानंतर, म्हणजे उपनयनाच्या पूर्वी, लिपी आणि संख्या शिकवावी असे सांगितले आहे. विद्यारंभाचा किंवा अक्षरस्वीकाराचा म्हणून जो स्वतंत्र संस्कार पुढे सांगितला जाऊ लागला, तो जुन्या गृह्यसूत्रांत आढळत नाही. त्याची चर्चा मध्ययुगीन निबंधग्रंथांत येते. कलिंगाच्या खारवेल राजाच्या हाथीगुंफा लेखातही तो बालपणीच्या खेळांची वर्षे संपल्यावर लेखा, रूप आणि गणना शिकल्याचे म्हटले आहे. उपालिच्या आईवडिलांनी उच्चारलेली तीच तीन नावे एका जैन राजाच्या शिलालेखात भेटावीत, यावरून हा त्या काळचा रूढ आणि लौकिक अभ्यासक्रम होता असे समजण्यास हरकत नाही.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने टाळावयाच्या खेळांची एक लांब यादी आहे. तीत ‘अक्खरिका’ हा एक खेळ येतो. बुद्धघोषाचार्यांच्या अट्ठकथेप्रमाणे आकाशात किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे म्हणजे अक्खरिका. अट्ठकथा इ. स. पाचव्या शतकातील आहे. मूळ सुत्ताच्या काळी या शब्दाचा हाच अर्थ होता असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तथापि खेळ म्हणून तो अगदी खरा वाटतो. आजही अक्षरओळख करून देणारे शिक्षक मुलाच्या पाठीवर बोटाने अक्षर काढतात आणि ‘ओळख पाहू’ म्हणतात. अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी ते स्पर्शाने आणि हाताच्या फिरण्याने ओळखता येते, हे शिक्षणशास्त्राने अलीकडे सांगितले. मुलांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. या खेळाला दुसऱ्या मुलाच्या पाठीला हात लावावा लागतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळू. हरियाणातील जगाधरीजवळ सुघ नावाचे गाव आहे. प्राचीन स्रुघ्न नगर ते हेच. ह्युएन त्संग येथे येऊन गेला होता. या ठिकाणी भाजक्या मातीची एक लहानशी प्रतिमा सापडली. बसलेले मूल, मांडीवर लिहिण्याची पाटी आणि पाटीवर ब्राह्मी अक्षरे. तिचा काळ साधारण इ. स. पूर्व दुसरे शतक मानला जातो. पुराभिलेखतज्ज्ञ बहादूरचंद छाबडा यांनी तिच्याविषयी लिहिताना पाटीवरील लेखनाला ‘ब्राह्मी बाराखडी’ असेच नाव दिले. तीवर स्वरांची तीच मालिका पुन्हा पुन्हा काढलेली आहे. एखादे वाक्य नाही, नाव नाही, दानाचा उल्लेख नाही, केवळ सराव. आपल्याकडील बहुतेक प्राचीन लेख राजांचे, श्रेष्ठींचे आणि दानकर्त्यांचे आहेत. सुघचे मूल मात्र काहीही सांगण्यासाठी लिहीत नाही. ते लिहिता यावे म्हणून लिहीत आहे. बोटे दुखविणाऱ्या त्या लेखाशाळेचे याहून बोलके चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

ह्युएन त्संग इ. स. ६२९ ते ६४५ या काळात प्रवासावर होता. भारतातील मुलांचे शिक्षण बारा प्रकरणांच्या प्राथमिक पाठापासून सुरू होते आणि सातव्या वर्षापासून त्यांना पाच विद्यांकडे नेले जाते, असे त्याने लिहिले आहे. बारा प्रकरणे म्हणजे बारा स्वरांनी युक्त अक्षरांचा पाठ असावा, आपल्या बाराखडीचाच पूर्वज, असा तर्क करता येतो. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आलेला इत्सिंग अधिक तपशील देतो. पहिल्या पाठाला तो ‘सिद्धम्’चा पाठ म्हणतो. त्यात ४९ अक्षरे. त्यांच्या जोडण्या १८ विभागांत मांडलेल्या. मुले सहाव्या वर्षी तो शिकू लागतात आणि सहा महिन्यांत पुरा करतात. त्यानंतर आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे. सहा महिन्यांची मुदत वाचून आजच्या पालकांना आश्चर्य वाटेल. परंतु जोडाक्षरांसह सर्व अक्षरे सहा वर्षांच्या मुलाच्या हातात बसवावयाची म्हणजे सहा महिने रोज पाटी घासणे आलेच.

या ‘सिद्धम्’ शब्दाचा महाराष्ट्राशी संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. आपल्या गावठी शाळांत मुलाच्या धुळाक्षरांची सुरुवात ‘ॐ नमः सिद्धम्’ या शब्दांनी होत असे. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओनामासीधं’ झाले आणि कोणत्याही गोष्टीच्या आरंभाला आपण ‘ओनामा’ म्हणू लागलो. दुसरीकडे नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचे आणि गौतमी बलश्रीचे लेख पाहावेत. त्यांचा आरंभ ‘सिधं’ या शब्दाने होतो. म्हणजे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्यांच्या भिंतीवर जो शब्द प्रथम कोरला गेला, तोच एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलाच्या धुळपाटीवर प्रथम उमटत होता.

येथे आपल्या काही लेखकांकडून होणाऱ्या एका घाईविषयी लिहिणे आवश्यक आहे. ‘ओनामासीधं’ हा शुद्ध बौद्ध मंत्र असून तो पुढे ब्राह्मणांनी हिरावून घेतला, असे विधान अधूनमधून वाचावयास मिळते. जैन परंपरा सिद्धांना नमन म्हणून या शब्दावर तितकाच हक्क सांगते. कातंत्र व्याकरणाच्या पहिल्याच सूत्रात वर्णसमुदायाला ‘सिद्ध’ म्हटले आहे. आणि लेखाच्या आरंभी ‘सिद्धम्’ लिहिणे ही बौद्धेतर लेखांतही सर्रास आढळणारी रीत आहे. तेव्हा हा शब्द कोणा एका पंथाच्या मालकीचा ठरविता येत नाही. उलट अक्षरविद्या ही पंथांच्या कुंपणाबाहेरची सामाईक वस्तू होती, हेच त्यावरून दिसते, आणि मला तो निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो.

शाळेचा सर्वांत विस्तृत प्रसंग मात्र पालित नाही. त्रिपिटकात बोधिसत्त्वाच्या लेखनशिक्षणाचे वर्णन आढळत नाही. ते येते संस्कृत ललितविस्तरात, लिपिशाला-संदर्शन या दहाव्या परिवर्तात. बालक बोधिसत्त्व चंदनाचा लिपिफलक घेऊन आचार्य विश्वामित्राकडे जातो आणि चौसष्ट लिपींची नावे घेऊन, यांपैकी आपण मला कोणती शिकविणार, असे विचारतो. चमत्काराचा हा भाग इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. चौसष्ट नावांपैकी अनेक केवळ संख्या भरण्यासाठी आलेली दिसतात. त्यानंतरचा भाग मात्र शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान आहे. मुले एकेक अक्षर उच्चारतात आणि त्या अक्षराने सुरू होणारा धम्मातील एखादा विचार त्यांच्या मुखातून निघतो. ‘अ’ म्हणताच संस्कारांच्या अनित्यतेचा शब्द येतो. पुढील अक्षरांचेही तसेच. आपण ‘अ’ला अननस आणि ‘क’ला कमळ जोडतो; ललितविस्तरकाराने ‘अ’ला अनित्यता जोडली. युक्ती तीच. वस्तू दाखविता येते, अनित्यता दाखविता येत नाही, हा फरक शिक्षकाच्या दृष्टीने लहान नाही. सहा वर्षांच्या मुलाला अननसच बरे, असे माझे मत आहे.

गांधार देशात अक्षरांचा क्रमही निराळा होता. तेथील बौद्ध परंपरेत वर्णमाला अ, र, प, च, न अशी सुरू होते. प्रज्ञापारमिता ग्रंथांत हा क्रम अक्षरांच्या चिंतनासाठी येतो आणि मंजुश्रीच्या मंत्रात त्याची पहिली पाच अक्षरे आजही उच्चारली जातात. हा क्रम केवळ ध्यानासाठी रचलेला असावा असा समज दीर्घकाळ होता. रिचर्ड सॅलोमन यांनी १९९० मध्ये या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वेधले. गांधारशिल्पातील बोधिसत्त्वाच्या शाळेच्या प्रसंगात दाखविलेल्या फलकावर खरोष्ठी अक्षरे आहेत आणि ती याच क्रमाशी जुळतात. याचा अर्थ असा की जो क्रम पुढे मंत्र झाला, तो आधी मुलांच्या पाटीवरचा पाठ होता. मंत्रांच्या गूढतेविषयी मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. मुळाशी मात्र खरोष्ठी गिरवणारी मुले आहेत. आपल्याकडे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या शिक्षणाचा प्रसंग रंगविलेला आहे. तेथे जाणाऱ्या उपासकांनी मरणासन्न राजकन्येच्या सुप्रसिद्ध चित्रापाशीच न थांबता हे चित्रही शोधून पाहावे. ते बरेच झिजले आहे.

येथपर्यंत आपण पाटी पाहिली, अक्षरे पाहिली. पाटी कोणाच्या मांडीवर होती, हा प्रश्न राहिला, आणि आपल्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

विनयातील पाचित्तियांत ओमसवादाचा, म्हणजे अपमानास्पद बोलण्याचा नियम आहे. भिक्षूला त्याची जात, गोत्र, काम किंवा शिल्प यांवरून हिणविणे हा अपराध होय. नियमाचे स्पष्टीकरण करताना विभंगात हीन आणि उत्कृष्ट शिल्पांची उदाहरणे येतात. बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चामड्याचे काम, नापिताचे काम ही हीन. मुद्रा, गणना आणि लेखा ही उत्कृष्ट. हा उतारा आपल्याला टोचतो आणि टोचावाही. परंतु तो नीट वाचला पाहिजे. त्या त्या जनपदात ज्यांची अवहेलना होते ती शिल्पे हीन, अशी पुस्ती तेथेच जोडलेली आहे. म्हणजे हीनत्व शिल्पाच्या अंगी नसून लोकांच्या नजरेत आहे, हे ग्रंथकार जाणून आहे, आणि ती नजर संघात आणणे हा त्याच्या मते अपराध आहे. तरीही समाजात हात दोन प्रकारचे मानले जात होते, लिहिणारे आणि राबणारे, याची ही नोंद आहे, आणि बौद्ध ग्रंथ म्हणून तिच्याकडे डोळेझाक करणे आपल्याला शोभणार नाही.

महाराष्ट्रातील लेणी या यादीशेजारी ठेवून वाचावीत. जुन्नरच्या एका लेखात बुरुडांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. कासारांच्या श्रेणीचाही आहे. ज्या बुरूडकामाला विभंगातील लोकांनी हीन म्हटले, त्या कारागिरांची श्रेणी येथे संघासाठी ठेव सांभाळीत होती आणि तिचे नाव दगडात लिहिले जात होते. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे शिवभूती हा ‘लेखक’, म्हणजे लिहिण्याचे काम करणारा अधिकारी, दानकर्ता म्हणून भेटतो. त्याच लेण्यांत माळीही दानकर्ते म्हणून येतात. यावरून बुरूड आणि माळी साक्षर होते असे सिद्ध होत नाही. लेख कोरणारा निराळा, मजकूर तयार करणारा निराळा. पण आपले नाव भिंतीवर लिहिले जावे आणि ते कोणीतरी वाचावे, ही इच्छा त्यांना होती आणि ती कोणी अडविली नाही, इतके निश्चित म्हणता येते.

कटाहक जातक (क्रमांक १२५) हे या संदर्भातील सर्वांत महत्त्वाचे साधन. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या पत्नीला आणि त्याच्या दासीला एकाच दिवशी मुलगे होतात. दोघे एकत्र वाढतात. श्रेष्ठीपुत्र लिहावयास शिकू लागतो तेव्हा दासीपुत्र कटाहक त्याचा फलक वाहून नेण्यासाठी बरोबर जातो. आणि फलक वाहता वाहता स्वतःही लिहावयास शिकतो. पुढे तो श्रेष्ठीच्या भांडाराचे काम पाहू लागतो. तरीही त्याला भय आहे : एखादी चूक झाली की मारतील, बांधून ठेवतील, डागतील, दासाचे अन्न खावे लागेल. म्हणून तो श्रेष्ठीच्या नावाने एक पत्र लिहितो, त्याचीच मुद्रा उमटवितो, सीमेवरच्या दुसऱ्या श्रेष्ठीकडे जाऊन आपण त्याचा पुत्र आहोत असे दाखवितो आणि त्याच्या मुलीशी विवाह करतो.

या कथेत बोधिसत्त्व कोण आहे? कटाहक नव्हे, वाराणसीचा श्रेष्ठी. कथा एका बढाईखोर भिक्षूच्या निमित्ताने सांगितलेली असून कटाहक तीत हसण्याचा विषय आहे. श्रेष्ठी त्याला उघडे पाडत नाही, एवढे औदार्य दाखवितो. जवळजवळ अशाच कलंडुक जातकात (क्रमांक १२७) दासाला परत आणून पुन्हा दास्यात घातले जाते. जातककथा हा लोककथांचा साठा आहे आणि त्या साठ्यात मालकांची दृष्टीही आहे. प्रत्येक जातकाला बुद्धवचनाचा मान देण्याचा भाबडेपणा बाबासाहेबांच्या अनुयायांनी करू नये. बुद्धाच्या नावावर सांगितलेली वचने तर्काच्या आणि लोककल्याणाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा धडा त्यांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घालून दिला आहे. पण मालकाच्या बाजूने सांगितलेल्या कथेतूनही एक सत्य निसटून बाहेर आले आहे. दासाच्या मुलाला कोणी शिकविले नाही. त्याने शिकू नये म्हणून कोणी त्याला हाकलूनही दिले नाही. फलक वाहणारा मुलगा शाळेच्या आत होता. त्याच्या सावलीने कोणी विटाळत नव्हते. आणि अक्षर हाती आल्यावर दासाच्या मुलात व मालकाच्या मुलात कागदोपत्री काहीही फरक उरत नाही, हे त्याने दाखवून दिले. मालकाला ही कथा विनोदी वाटली. तिच्यातील भीती त्याहून मोठी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत विनयात एक छोटी पण स्पष्ट नोंद आहे. भिक्षुणींनी निरर्थक, तिरच्छान विद्या शिकू नयेत व शिकवू नयेत असे दोन नियम भिक्खुनीविभंगात आहेत. त्यांना जे अपवाद दिले आहेत त्यांत लेखा येते. लिहिणे शिकणे आणि शिकविणे यांत भिक्षुणीला दोष नाही. एका ओळीचा हा अपवाद आहे. पण लिहावयास शिकविणारी स्त्री या देशात कल्पनेबाहेरची नव्हती, हे त्यावरून कळते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा उघडून सावित्रीबाई फुले शिकवावयास उभ्या राहिल्या, तेव्हा ती गोष्ट धर्मबुडवेपणाची ठरली. मधल्या काळात काय हरवले, याचे माप या दोन टोकांवरून घ्यावे.

ज्या देशांत विहार टिकले तेथे विहार हीच शाळा राहिली. सिंहलद्वीपात मूल प्रथम वाळूत बोटाने अक्षरे काढी, मग ताडपत्राकडे वळे. अक्षरांच्या ‘होडिपोत’नंतर त्याच्या हाती ‘नम्पोत’ येई, जीत बौद्ध स्थळांची नावे असत. ब्रह्मदेशात काळ्या रंगाची लाकडी पाटी आणि मऊ दगडाची लेखणी घेऊन मुले विहारात बसत. तेथेही समाज निर्दोष नव्हता. पॅगोड्याच्या दासांना तेथे बहिष्कृतांसारखे जिणे जगावे लागले. परंतु गावातील सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला अक्षर मिळणे ही तेथे नित्याची बाब होती, आणि इंग्रजी अमदानीच्या शिरगणतींत ब्रह्मदेशातील पुरुषांची साक्षरता भारताच्या इतर प्रांतांच्या मानाने उठून दिसे, ती याच पाटीमुळे.

महाराष्ट्रात विहार ओस पडले आणि पाटी पंतोजीच्या पडवीत गेली. पंतोजीची शिकविण्याची पद्धत जुनीच होती : धूळपाटी, मोठ्याने म्हणणे आणि नवशिक्या मुलाचा हात आपल्या हातात धरून अक्षर गिरविणे. हा हात धरणेच अक्षरशिक्षणाचे मर्म आहे. मूल अक्षर पाहते तेव्हा त्याला आकार कळतो, पण रेघ कोठून सुरू करावी आणि कोठे वळवावी हे दुसऱ्याचा हात आपल्या हातावर असल्याखेरीज कळत नाही. अस्पृश्यतेने नेमका हाच दुवा तोडला. ज्याला शिवावयाचे नाही त्याचा हात धरणार कसा? शाळेचे दार कायद्याने उघडले तरी हा प्रश्न शिल्लक राहतो. १८५६ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्यावर वरिष्ठ पातळीवर लिखापढी झाली, सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्यही झाले. पण तत्त्व मान्य झाल्याने कोणी कोणाचा हात धरला नाही. तो धरला जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळांनी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात निबंध लिहिणारी मांग समाजातील मुक्ता त्याच शाळेची विद्यार्थिनी.

बाबासाहेबांचे साताऱ्याच्या शाळेतील दिवस आपल्याला पाठ आहेत. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावयाचे, बसण्यासाठी घरून गोणपाट आणावयाचे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसल्यामुळे ते संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावयाचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. काही शिक्षक त्यांच्या वहीला हात लावीत नसत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. न तपासलेली वही म्हणजे काय, ते शिक्षकच जाणतो : चुकलेली मात्रा तशीच राहते, वळण बिघडलेले अक्षर बिघडलेलेच गिरवले जाते. कटाहक दुसऱ्याचा फलक वाहत शाळेच्या आत आला होता. भीमराव स्वतःचे गोणपाट वाहत होते, आणि ते शाळेच्या आत असूनही त्यांच्यात आणि शिक्षकाच्या हातात अंतर होते. पुढे संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. पालिचे त्यांचे अध्ययन उत्तरायुष्यातील. त्यांनी केलेले पालि कोशाचे व व्याकरणाचे काम महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले.

अलीकडे आपल्या अनेक विहारांत धम्मलिपीचे वर्ग भरतात आणि मुलांना अशोककालीन अक्षरे गिरविण्यासाठी छापील कागद दिले जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. ही लिपी लहान हाताला सोपी आहे : ‘क’ म्हणजे अधिकाचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे वर्तुळ, त्यात ठिपका दिला की ‘थ’. मात्र हे कागद तयार करणाऱ्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. पुष्कळ कागदांवर अशोकाच्या काळची अक्षरे आणि सातवाहन काळातील अक्षरे एकाच ओळीत मिसळलेली दिसतात. अशी ओळ कोणत्याही शतकात कोणी लिहिली नव्हती. सोपाऱ्याच्या अशोकलेखासाठी एक कागद आणि नाशिक-कार्ल्यासाठी दुसरा, अशी विभागणी करावी. पूर्ण देवनागरी वर्णमाला अशोककालीन रूपांत बसविण्याच्या हट्टाने जी अक्षरे त्या लेखांत नाहीत तीही मागाहून घडवून दिली जातात, ती गाळावीत. मुलांना हेही सांगावे की प्राकृत लेखांत द्वित्त व्यंजन बहुधा एकदाच लिहिले जाते, नाहीतर पांडवलेण्यात ‘सिधं’ वाचून ते चुकले आहे असे त्यांना वाटेल. आणि एका कागदावर बावीस अक्षरे एकेकदा छापण्यापेक्षा, सुघच्या पाटीप्रमाणे, थोडीच अक्षरे घेऊन ती पुन्हा पुन्हा लिहू द्यावीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत शिकविणाऱ्याने प्रत्येक मुलाशेजारी बसून त्याचा हात धरावा; वर्गात तीस मुले असतील तर दोन कार्यकर्ते अधिक बोलवावेत.